चाक उजवीकडं, होडी डावीकडं

या दिवाळी अंकाचे संपादक म्हणजे इंदापूरचे एक निवृत्त हेडमास्तर. आषाढात त्यांचा फोन आला. "मिस्त्री, यंदा तुमचा लेख पाहिजे. होड्यांना स्टेअरिंग बसवणारा माणूस आपल्याकडं दुसरा नाही. हसरं लिहा. आणि तो बबनतात्यांचा किस्सा घ्याच. अण्णासाहेब दर वर्षी पतसंस्थेच्या सभेत सांगतात, लोक पोट धरून हसतात. तुम्ही तर तिथं होता."

"होतो," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. मी कमी बोलतो असं लोक म्हणतात आणि त्याचं श्रेय माझ्या स्वभावाला देतात. स्वभाव बिचारा चांगला आहे. न बोलण्याचं कारण वेगळं आहे, ते पुढं येईल.

आधी धंदा सांगतो. मूळचा मी ट्रॅक्टरचा माणूस. बारामतीच्या जळोचीत माझं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरचं पॉवर स्टेअरिंग, ट्रॉलीचा जॅक, जेसीबीचा हात, जिथं तेलाच्या दाबानं लोखंड हलतं तिथं माझं पोट. उसाच्या हंगामात जेवायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात हाताला काम नसतं. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावरनं एक मासेवाला आला. त्याची फायबरची होडी होती, मागं पेट्रोलचं मशीन. मशीनचा दांडा धरून धरून त्याचा खांदा भरून यायचा. "मोटारीसारखं चाक बसंल का?" त्यानं विचारलं. मी तोवर होडीत एकदाच बसलो होतो, तेही डोळे मिटून. पण आमच्या बारामतीत धंद्याला बसलेला माणूस 'येत नाही' म्हणत नसतो. मी म्हणालो, "बसंल की. त्यात काय!"

आणि बसलंही. कारण गोष्ट सोपी आहे. दवाखान्यातल्या दोन सिरिंज घ्या, मधे नळी जोडा, आत पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. होडीचं हायड्रॉलिक स्टेअरिंग म्हणजे एवढंच. पुढं चाकामागं छोटा पंप, मागं मशीनला जोडलेला सिलिंडर, आणि मधे दोन होज पाइप. चाक उजवीकडं फिरवलं की एका पाइपातून तेल जातं आणि मशीन एका अंगाला वळतं. डावीकडं फिरवलं की दुसऱ्या पाइपातून जातं आणि मशीन दुसऱ्या अंगाला वळतं. पाइप दोन असतात, हे तेवढं लक्षात ठेवा.

जिकिरीचं काम एकच, हवा काढणं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात हवा राहिली की पुढं चाक गरागरा फिरतं आणि मागं मशीन विचार करत बसतं. मग सिलिंडरचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक नट, सैल करायचं, पंपात वरून तेल ओतत राहायचं, चाक सावकाश फिरवायचं, बुडबुडे बंद होईस्तोवर. यात अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक काठावर उभं राहून बघतं आणि म्हणतं, "मिस्त्री, नुसतं चाक फिरवायचं तर मी बी फिरवलं असतं." आमच्याकडं हवा करणाऱ्याला मान आहे. हवा काढणाऱ्याला कोण विचारतं?

गिऱ्हाइकं एकेक अशी की देवानं वेळ काढून घडवलेली. एकाचा फोन आला, "मिस्त्री, स्टेअरिंगला भज्यांचा वास येतोय." जाऊन बघितलं, तर पंपातलं तेल कमी झालं म्हणून यानं घरातलं शेंगतेल ओतलेलं. मी डोक्याला हात लावला. तो म्हणाला, "तेल ते तेल. आन् हे तर घरच्या शेंगांचं हाय, डोळ्यांदेखत घाण्यावर काढलेलं. तुमच्या बाटलीतलं कुठनं येतं कुणी बघितलंय?" मी पाना काढला. सगळं उपसून पाइप धुतले. काढलेलं तेल त्यानं जपून डब्यात भरून घरी नेलं. त्याच्या घरी जेवायला थांबायचं मी अजून टाळतो.

दुसऱ्याच्या चाकामागनं तेल गळायचं. दोनदा रबरी सील बदललं, तरी गळायचं. तिसऱ्या खेपेला कळलं. होडीला नजर लागू नये म्हणून घरच्यांनी लिंबू-मिरच्या तारेत ओवून चाकाच्या दांडीला बांधल्या होत्या. ती तार दांडीभोवती आवळत आत गेली होती आणि सील कापत होती. मी तार कापून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "बघा मिस्त्री, नजर किती वाईट आसती."

तिसरा पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवायला नेतो. त्याला चाकावर गाणी वाजणारा हॉर्न पाहिजे होता. मी म्हणालो, "आरं, पक्षी उडून जातील." तो म्हणाला, "मग? बसलेलं पक्षी बघायला कोण पुण्यावरनं येतंय?"

हे किस्से मी कुठंही सांगतो. कारण यांत शहाणा मीच असतो.

आता ज्यात नाही तो.

अण्णासाहेब आमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष. फुगवट्याच्या काठाला त्यांचं हुरडा केंद्र आहे. पाच वर्षांमागं त्यांनी पाहुणे फिरवायला होडी घेतली आणि नाव दिलं 'विकासगंगा'. दांड्यानं चालवणं त्यांना कमीपणाचं वाटलं. "मिस्त्री, मोठी माणसं बसणार. ड्रायव्हरनं दांडा धरलेला बरा दिसत न्हाय. चाक पाहिजे." काम माझ्याकडं आलं.

चालवायला बबनतात्या. त्यांची वाडी धरणाच्या पाण्याखाली गेली तेव्हा ते मिसरूड न फुटलेलं पोरगं होते. तेव्हापासून त्याच पाण्यावर जगले. आधी वल्हं, मग मशीनचा दांडा. कुठल्या जागी पाण्याखाली देवळाचा कळस आहे, कुठं बाभळीचे बुंधे आहेत, सगळं त्यांच्या हातात होतं. डोक्यात नव्हे, हातात.

दांड्याचं गणित उलटं असतं. दांडा उजवीकडं ढकलला की होडी डावीकडं वळते. चाकाचं सरळ, जिकडं चाक तिकडं होडी. मी हे तात्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी जाऊन पितळी परात काढली. आठ दिवस अंगणात बसून ते परात दोन्ही हातांत उभी धरायचे आणि फिरवायचे. उजवीकडं, डावीकडं. अंथुर्ण्याहून आलेली लेक हसायची, "दादा, पीठ तर टाका की तिच्यात." तात्या म्हणायचे, "हसू नगं. चाळीस वर्सांचा हात वळवायचाय."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी अण्णासाहेबांना म्हणालो, "साहेब, होडी एकदा पाण्यात टाकून बघू."

"आधीच पाण्यात टाकली तर पाहुण्यांनी उद्घाटन कशाचं करायचं?" अण्णासाहेब म्हणाले. "नारळ फुटल्याबिगर होडी पाण्याला लागायची न्हाय. तुमी ट्रॉलीवरच बघा."

मी ट्रॉलीवर बघितलं. होडीत उभं राहून चाक उजवीकडं फिरवलं आणि मागं वळून मशीनकडं पाहिलं. मशीनचं पुढचं तोंड उजवीकडं वळलं. म्हटलं, ओके.

इथं जरा थांबा, कारण माझी सगळी अक्कल या एका नजरेत आहे. मी ट्रॅक्टरचा माणूस. ट्रॅक्टरचं चाक उजवीकडं फिरवलं की पुढचं टायर पुढच्या बाजूनं उजवीकडं वळलं पाहिजे, हे बघायची माझ्या डोळ्याला सवय. होडीला ढकलणारं मशीन मागं असतं आणि पाण्यातला पंखा त्याच्याही मागच्या अंगाला. होडी उजवीकडं वळायला पंखा उजवीकडं गेला पाहिजे, म्हणजे मशीनचं पुढचं तोंड डावीकडं. माझ्या ट्रॉलीवर ते उजवीकडं गेलं. म्हणजे मी दोन पाइप उलटसुलट जोडले होते. तोवर ज्या होड्यांना चाक बसवलं, त्या लगेच पाण्यात सोडून बघितल्या होत्या. एकीचे पाइप उलटे निघाले तेव्हा काठावरच अदलाबदल करून मोकळा झालो होतो. कुणी बघितलं नव्हतं, म्हणून ती चूक मी मोजलीच नव्हती.

उद्घाटनाला काठावर मांडव होता, मांडवाचे पुढचे बांबू पाण्यात. पाहुण्यांना फेटे बांधले. नारळ फुटला, हलगी वाजली, फेटेवाले होडीत बसले. तात्यांनी पांढरा सदरा घातला होता. त्यांनी चाकाला हात लावून कपाळाला लावला आणि मशीन सुरू केलं. मांडव डाव्या हाताला होता. होडी उजवीकडं काढायची होती.

होडी डावीकडं निघाली.

"तात्या, उजवीकडं!" अण्णासाहेब ओरडले.

"उजवीकडंच फिरवतोय की!" तात्या ओरडले. आणि त्यांनी चाक आणखी उजवीकडं फिरवलं. होडी आणखी डावीकडं गेली आणि सरळ मांडवात शिरली. बांबू मोडले, कापड खाली आलं, फेटेवाले कापडाखाली गेले. एक फेटा सुटून पाण्यावर लांबच लांब पसरला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. काठावर तीनशे माणूस होतं आणि ते सगळं हसत होतं.

अण्णासाहेब गुडघाभर पाण्यातून चालत वर आले. ते हसत नव्हते. सरळ माझ्याकडं आले. "मिस्त्री, काय झालं? मशीनचा दोष का माणसाचा?"

तेवढ्या क्षणात मला सगळं दिसलं. मशीनचं पुढचं तोंड, पंखा, दोन पाइप. उत्तर मला ठाऊक होतं. पण पुढच्या आठवड्यात दोन होड्यांचं काम ठरलेलं होतं, आणि तीनशे माणूस माझ्याकडं बघत होतं. ही कारणं झाली. खरं कारण, मी भ्यालो.

"मशीन ओके हाय, साहेब," मी म्हणालो. "तात्यांना दांड्याची सवय. दांडा उलटा चालतो. घाईत हात सवयीवर गेला."

इतकं चोख खोटं मी आयुष्यात बोललो नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं वाटेल असं. लोकांना ते लगेच पटलं. म्हातारा माणूस, जुनी सवय. असल्या गोष्टीला पुरावा लागत नाही.

तात्या होडीतून उतरले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते स्वतःच्या हातांकडं बघत होते.

मग पंगत बसली. माणसं मटणात होती. "मशीन तपासतो," म्हणून मी एकटा होडीत गेलो. दोन नट सैल केले, दोन पाइप इकडचे तिकडं केले, सांडलेलं तेल फडक्यानं पुसलं. थोडी हवा शिरली, ती निघेल तेवढी काढली. पंगत उठायच्या आत काम झालं. ताक प्यायलाही जाऊन बसलो.

जेवण झाल्यावर अण्णासाहेबांच्या पुतण्यानं होडी काढली. चाक उजवीकडं, होडी उजवीकडं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं, सिद्ध झालं. तात्या काठावर उभे राहून बघत होते. त्यांचे दोन्ही हात छातीसमोर अधांतरी होते, परात धरल्यासारखे, आणि पुतण्याच्या चाकाबरोबर हळूहळू वळत होते. मी ते बघितलं आणि हत्यारांची पेटी भरायला लागलो.

"तात्या, आता आराम करा," एवढंच अण्णासाहेब म्हणाले. तात्यांचं काम गेलं. गावानं 'उलटे तात्या' असं नाव पाडलं. त्यांनी स्वतःची जुनी होडीही विकली आणि अंथुर्ण्याला लेकीकडं गेले. तिथं कुणाच्या तरी केळीची राखण करू लागले. इकडं दर वर्षी पतसंस्थेच्या सभेत अण्णासाहेब किस्सा सांगू लागले. "सभासदहो, चाक बदलून भागत न्हाय, हात बदलावा लागतो! आमचे बबनतात्या..." आणि हशा. त्या हशात मीही असायचो. न हसणारा माणूस ओळखू येतो.

एकदा अंथुर्ण्याच्या स्टँडवर तात्या दिसले. मी रसवंतीच्या मागं जाऊन उभा राहिलो. एवढा पन्नाशीचा माणूस, चिपाडाच्या ढिगामागं.

तर संपादकांचा फोन आला आणि मी हसरं लिहायला बसलो. भजी झाली, लिंबू-मिरची झाली, पक्षी झाले. तात्यांवर आलो की पेन थांबायचं. अशात श्रावणात तो हॉर्नवाला सील बदलायला आला. बोलता बोलता म्हणाला, "मिस्त्री, पक्षी दाखवायला जाणतं माणूस पाहिजे. आमी बबनतात्यास्नी इचारायला गेलतो. न्हाय म्हनलं."

"का?"

"म्हनलं, नगं बाबा. माझा हात उलटा पडतो. पाहुण्यांच्या जिवाशी खेळ नगं."

मी पाना खाली ठेवला. इतकी वर्षं मी अशी समजूत करून घेतली होती की तात्यांना खरं काय ते माहीत असणार. अन्याय झाला, पण मनातून त्यांना कळत असणार. खोटं बोलणाऱ्याला असल्या समजुती फार उपयोगी पडतात. तात्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या चाळीस वर्षांच्या हातापेक्षा माझ्या 'मशीन ओके'वर.

दुसऱ्या दिवशी अंथुर्ण्याला गेलो. तात्या केळीच्या बागेपाशी बाजेवर बसले होते. "या मिस्त्री," म्हणाले. लेकीला चहा सांगितला. माझ्या धंद्याची चौकशी केली. मी चहा हातात धरून सगळं सांगितलं. पाइप, पंखा, पंगत. चहावर साय धरली.

तात्या बाजेवर पुढं सरकले. मग म्हणाले, "म्हंजी मी उजवीकडंच फिरवलं हुतं?"

"व्हय तात्या. उजवीकडंच."

"मी वरडलो बी हुतो. उजवीकडंच फिरवतोय म्हनून."

"व्हय."

त्यांनी उजवा हात पुढं धरला, उलटा केला, सुलटा केला. "रस्ता वलांडताना बी मी दोनदा इचार करतो मिस्त्री. डावा कुठला, उजवा कुठला. नातवंडं हसत्यात."

लेक दारात उभी होती. तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि चहा अंगणात ओतला.

"तात्या, मला माफ—"

"ते ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "मला सांगून काय उपेग? मला पटलं. त्या दिशी काठाला तीनशे माणूस हुतं. त्यास्नी कवा सांगनार?"

"ते आता कुठं एका जागी सापडणार?"

तात्या पहिल्यांदा हसले. "सापडत्यात की. दर वर्साला. जेवन आसतं तितं."

पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा यंदा पितृपक्षात आली. जागा तीच, हुरडा केंद्र. ज्यांना आमच्याकडच्या सभा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सभासद खुर्च्यांवर बसतात, वास स्वयंपाकाचा येत असतो. सेक्रेटरी एकेक विषय वाचतात आणि वाचून व्हायच्या आत मागून "मंजूर, मंजूर!" येतं. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, सभा खेळीमेळीत पार पडली. शेवटचा विषय असतो, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय. तो कधी येत नाही.

अण्णासाहेबांनी भाषणात किस्सा सांगितला. हशा झाला. शेवटच्या रांगेत तात्या लेकीबरोबर बसले होते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "आयत्या वेळचे विषय." मी उठलो. माइकपाशी जाऊन म्हणालो, "अध्यक्षांच्या परवानगीनं. अण्णासाहेबांनी सांगितलेला किस्सा खोटा आहे. त्या दिवशी पाइप मी उलटे जोडले होते. तात्यांचा हात बरोबर होता. मी खोटं बोललो."

"मंजूर, मंजूर!" मागून आवाज आला.

सवयच ती. पाच वर्षं गिळलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात एकमतानं मंजूर झाली आणि माणसं ताटांकडं जायला उठली. अण्णासाहेब हसून म्हणाले, "मिस्त्री विनोद बरा करत्यात." मला वाटलं, सुटलो. हो, तेव्हाही हेच वाटलं. लपवून ठेवत नाही.

"मंजूर न्हाय!" तात्या उभे राहिले होते. "तोंडी मला मंजूर न्हाय. मिस्त्री, त्या दिशी जशी जोडली हुती तशी जोडा. होडी हाय, पानी हाय, मानसं बी तीच हायती. करून दाखवा."

"तात्या, पितृपक्ष हाय," अण्णासाहेब म्हणाले. "होडीला हात लावायचा तर घट बसल्यावर बघू."

"मुहूर्त उद्घाटनाला लागतो, अण्णासाहेब. चुकीला कसला मुहूर्त?"

माणसं थांबली. जेवणापेक्षा बरं काहीतरी निघालंय, हे आमच्याकडच्या माणसाला लांबून कळतं.

मी तीनशे माणसांसमोर होडीत उतरलो. तेच दोन नट, तेच दोन पाइप, इकडचे तिकडं. मग निपल उघडून हवा काढत बसलो. या खेपेला चोरून नव्हतं, म्हणून वेळ लागला. आमटी निवली. "चाक फिरवून काय करतोय ह्यो?" कुणीतरी विचारलं. "खोटं काढतोय," तात्यांची लेक म्हणाली.

झाल्यावर तात्या म्हणाले, "अण्णासाहेब, आता तुमीच बसा. माझा हात उलटा हाय. तुमचा तर सरळ हाय न्हवं?"

नाही म्हणता येईना. तात्यांनी स्वतः त्यांच्या परीटघडीच्या कपड्यांवर नारंगी लाइफ-जाकीट चढवलं, बंद आवळले. होडी सावकाश निघाली. डाव्या अंगाला चिखलात म्हशी बसल्या होत्या. अण्णासाहेबांनी चाक उजवीकडं फिरवलं. पांढऱ्या बाह्या काठावरून स्वच्छ दिसत होत्या.

होडी डावीकडं निघाली.

"अण्णा, उजवीकडं!" काठावरून ओरड झाली.

"उजवीकडंच फिरवतोय की!" अण्णासाहेब ओरडले.

आणि काठ गप्प झाला. हे वाक्य सगळ्यांनी आधी ऐकलेलं होतं, ह्याच पाण्यावरून. होडी चिखलात रुतली, एक म्हैस कंटाळून उठली आणि चार पावलं पलीकडं जाऊन बसली. कुणी हसलं नाही. माणसं एकेक करून मागं वळून तात्यांकडं बघू लागली.

अण्णासाहेबांवर हसणं मला सोपं आहे, म्हणून सांगतो, त्यांची चूक नारळापुरती होती. खोटं माझं. ते वर आले, मांडीपर्यंत चिखल, आणि पहिली गोष्ट काय केली तर सेक्रेटरीला म्हणाले, "तात्यांच्या सत्काराला शाल-नारळ आणा."

"नारळ नगं," तात्या म्हणाले. "नारळानंच घोळ केला."

हा लेख संपादकांना पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला. "मिस्त्री, अंकाच्या मागच्या पानावर अण्णासाहेबांची जाहिरात आहे. त्यांनी ती काढून घेतली आणि पान कोरं गेलं तर?" मी म्हणालो, "सर, मग कोरंच जाऊ द्या. तुम्ही हसरं मागितलं होतं, जमेल तेवढं हसरं लिहिलंय." तुम्ही हे वाचताय, म्हणजे सरांनी हिंमत केली. मागचं पान उलटून बघा, माझ्यापेक्षा तुम्हाला आधी कळेल.

त्या दिवसाचं थोडं राहिलं. मी पाइप पुन्हा सरळ केले, पुन्हा हवा काढली. माणसं जेवायला गेली नव्हती. तात्या होडीत चढले. चाकापाशी बसून त्यांनी आधी दोन्ही हात छातीसमोर धरले, मग चाकावर ठेवले. लेक बसली, हॉर्नवाला बसला, तीन-चार सभासदही बसले. मीही पाय टाकला.

"तू न्हाय," तात्या म्हणाले. इतकी वर्षं मला अहो-जाहो करणारा माणूस. "तू काठाला ऱ्हा. पान्यात टाकायच्या आदी बघायचं आसतं. तवा नीट बघितलं न्हाईस. आता बघ."

मशीन सुरू झालं. मी हातात पाना धरून बघत उभा राहिलो. त्यांनी चाक उजवीकडं फिरवलं.